शेवटच्या पानावरची मुलगी

(दृश्य : हस्तलिखित वही. पानं सावकाश उलटतात.)

अक्षर बघा. हातानं लिहिलेलं, पण छापल्यासारखं. हे अक्षर गणित शिकवणाऱ्या माणसाचं. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजातले चार्ल्स डॉजसन, म्हणजेच ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’चे लेखक लुईस कॅरल.

4 जुलै 1862. डॉजसन आणि त्यांचे स्नेही डकवर्थ टेम्स नदीत होडी वल्हवतायत. होडीत कॉलेजचे डीन लिडेल यांच्या तीन मुली. त्यांना गोष्ट हवीय. डॉजसन सुचेल तशी रचत जातात आणि नायिकेला मधलीचं नाव देतात : अ‍ॅलिस. ती दहा वर्षांची. पुढे तिनंच हट्ट धरला, गोष्ट लिहून द्या!

वही हातात पडली नोव्हेंबर 1864 मध्ये. 37 चित्रंही डॉजसननीच काढलेली. पण तोवर होडीतली चिमुरडी साडेबारा वर्षांची झाली होती.

(दृश्य : छापील चित्र आणि फोटो शेजारी शेजारी.)

पुढच्याच वर्षी पुस्तक आलं, जॉन टेनिएलच्या चित्रांसह. त्यातल्या अ‍ॅलिसचे केस लांब, मोकळे. पुढे रंग भरले तेव्हा ते सोनेरी झाले. आणि खरी अ‍ॅलिस ही. गडद, आखूड केस, कपाळावर सरळ कापलेले. नजर थेट कॅमेऱ्यात, जरा ठसक्यातच.

1880 मध्ये ती मिसेस हारग्रीव्ह्ज झाली. तीन मुलगे, त्यातले दोघे पहिल्या महायुद्धात गेले. 1926 मध्ये नवराही गेला. दोन वर्षांनी तिनं वही लिलावात काढली. 15,400 पौंडांना ती अमेरिकेत गेली.

ऐंशीव्या वर्षी कोलंबिया विद्यापीठानं तिला न्यूयॉर्कला बोलावून मानद डॉक्टरेट दिली. कशासाठी? लहानपणी गोष्ट मागितली म्हणून, दुसरं काय! ‘अ‍ॅलिस’ असण्याचा कंटाळा आलाय, असं तिनं मुलाला कळवलं होतं. 1934 मध्ये ती गेली. 1948 मध्ये अमेरिकनांनी वही ब्रिटनला भेट म्हणून परत केली.

(दृश्य : वहीचं शेवटचं पान.)

मजकूर संपतो तिथे सात वर्षांच्या अ‍ॅलिसचा हा लंबगोल फोटो, डॉजसननीच काढलेला आणि चिकटवलेला. त्याच्याखाली काहीतरी आहे, हे 1977 मध्ये लक्षात आलं.

(दृश्य : फोटोखालचं रेखाचित्र. संगीत थांबतं.)

डॉजसननी हातानं काढलेला तिचा चेहरा. मनासारखा जमला नसावा. त्यांनी तो झाकून टाकला होता.