सेनिओ, तालुका कोरेगाव
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: ओढ्याचं पात्र, समोरच्या टेकडीवरून. दोन्ही काठांवर मातीचे बांध. पाण्याकडं धावणारी पोरं.]

दोन बांध, मधे पाणी. पाण्याची रुंदी पंधरा फूट, खोली चार ते पाच. बांधांची उंची मात्र मूळ नदीवरच्या बांधांच्या निम्मीच साधली आहे. तीस-पस्तीस फुटी बांधाला लागणारी माती दिली असती, तर शेतमालकाकडं शेत उरलं नसतं.

हा ओढा कोरेगाव तालुक्यातला. आज दुपारपुरतं त्याचं नाव सेनिओ. त्या नावाच्या नदीवरची १९४५ ची एक लढाई इथं पेंटबॉलनं, म्हणजे रंगाच्या गोळ्यांनी, पुन्हा खेळली जाणार आहे.

[नकाशा: उत्तर इटली. मग जुन्या पद्धतीनं काढलेला बांधाचा आडवा छेद.]

खरी सेनिओ उत्तर इटलीत. आपल्याकडच्या माणसाला ओढाच वाटावा एवढी. पण तिचं पुराचं पाणी रानात शिरू नये म्हणून दोन्ही अंगांना उभेच्या उभे बांध घातलेले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ते बांध आतून पोखरले. पोटात मशीनगनी बसवल्या, आणि पूर्वेकडच्या बांधाच्या नदीकडच्या उतारावर सुरुंग पेरले. ९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी आठवी भारतीय डिव्हिजन या नदीत उतरली. सान पोलिटो गावाच्या उत्तरेला जे उतरले, ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते.

साताऱ्यात फौजी नाही असं गाव शोधावं लागेल. अपशिंग्याच्या नावापुढं तर ‘मिलिटरी’च लागतं, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान गेले. पण इटलीत आपली माणसं लढली, हे एसटीत शेजारी बसलेल्याला सांगून बघा. तो खिडकीबाहेर बघायला लागतो. हा माहितीपट त्या खिडकीबाहेर बघणाऱ्यासाठी आहे.

[दृश्य: सतरंजीवर मांडलेले मार्कर, मास्क, हवेचे सिलिंडर. रंगीत गोळ्यांनी भरलेला खोका.]

हे मार्कर, हवेच्या दाबानं रंगाच्या गोळ्या झाडणाऱ्या बंदुका. पाचगणी-महाबळेश्वरकडं पर्यटकांसाठी पेंटबॉल चालवणाऱ्यांकडून भाड्यानं आणलेले. या हत्याराचं मूळ काम लढाईचं नाहीच. जंगलात तोडायच्या झाडांवर आणि कळपातल्या गुरांवर लांबून खूण करायला ते निघालं. २७ जून १९८१ ला अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात बारा जण ते घेऊन जंगलात शिरले आणि पहिला खेळ झाला. जिंकला तो जंगलात काम करणारा माणूस. शेवटपर्यंत त्यानं एकही गोळी झाडली नाही.

पुढं खेळ मोठा झाला. ओक्लाहोमा राज्यात वायंडॉट गावाजवळ १९९७ पासून कित्येक वर्षं नॉर्मंडीची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात दोस्त फौजा समुद्रातून फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या ती, अख्खी लढाई पेंटबॉलनं खेळली गेली. हजारो खेळाडू यायचे. ज्यानं ती सुरू केली, त्याचे आजोबा त्या युद्धात होते. ओक्लाहोमाला समुद्र नाही, त्यामुळं समुद्रकिनारा कुरणावरच कल्पायचा.

सेनिओला असली तडजोड लागत नाही, आणि इथंच आमच्या डोक्यात किडा वळवळला. पेंटबॉलची गोळी नेमकी जाते तीस-चाळीस मीटर. या बांधाच्या माथ्यावरून त्या बांधाच्या पायथ्यापर्यंत तेवढंच अंतर. इतकी जवळून झालेली ही लढाई. मेलेल्याचा चेहरा दिसावा, एवढी.

[दृश्य: सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरणारी माणसं. पोती ओळीनं रचली जातायत.]

चैत्रातला ओढा. पाणी घोट्याएवढं. ते गळ्याशी कसं आणायचं?

उत्तर गावाकडं आधीपासूनच होतं. वनराई बंधारा. सिमेंटच्या पोत्यांत माती भरायची, तोंडं शिवायची, आणि विटांचे सांधे मोडतात तशी एकाआड एक रचायची. पावसाळा सरता सरता श्रमदानातून गावोगाव असे बंधारे पडतात. इथं तो उन्हाळ्यात पडला, एवढाच फरक. वरच्या कालव्याचं आवर्तन सुटलं, पाझर ओढ्यात आला, पाणी तटलं. या आजींनी पोती शिवली. दाभण बघा, सुतळी बघा. टाका दोनदा ओढून मगच गाठ. आम्ही कॅमेरा जवळ नेला तर म्हणाल्या, “पोरा, हात बघ, तोंड नगं.”

म्हणून त्यांचा हातच आहे.

[दृश्य: जेसीबी बांधावर माती टाकतोय. संध्याकाळचं ऊन.]

बांधासाठी जेसीबी आला तो फक्त डिझेलच्या पैशांवर. मालक स्वतः चालवत होता. त्याचे आजोबा मराठा पलटणीत, पणजोबाही. इटलीत कोण होतं का, हे त्याला सांगता येत नाही. घरात एक पितळी पेटी आहे, तिच्यावर नंबर आहे, नाव नाही. ती पेटी पुढं येईल.

उतारावर सुरुंग हवेत. ही गुलालाच्या पुड्यांची ओळ. पातळ प्लास्टिक, वर बोटभर माती. पाय पडला की फुटते. दुसऱ्या महायुद्धातल्या सुरुंगांच्या जागी गुलाल ठेवावा की नाही, यावर बराच वाद झाला. मेजरनी, ते पुढच्याच दृश्यात भेटतील, तो एका वाक्यात मिटवला: “दिसला पायजे, लागला नाय पायजे.”

[दृश्य: निवृत्त सुभेदार, डोक्यावर टोपी, हातात काठी. पोरं ओळीत उभी.]

हे मेजर. सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण गावात कोणीही फौजी घरी आला की तो मेजरच होतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीत उभी उमर गेली. समोर उभी आहेत ती जिल्ह्यातल्या भरती अकॅडम्यांतली पोरं. पहाटे सोळाशे मीटर पळतात, छाती फुगवायचा सराव करतात, आणि निकालाची वाट बघतात. शंभरावर पोरं आज इथं आली, त्यात पेंटबॉल आधी हातात धरलेली पाच-सहाच.

जर्मन व्हायला कोणी तयार नव्हतं. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. ही चिठ्ठी उघडणाऱ्या पोराचा चेहरा. आम्ही काही बोलत नाही.

[दृश्य: थर्माकोलच्या पेटीत ओल्या गोणपाटाखाली गोळ्या. एक गोळी बोटांत.]

ही गोळी. व्यास सतरा मिलिमीटर, वजन तीन ग्रॅमच्या आसपास. वरचं कवच जिलेटिनचं, औषधाच्या कॅप्सूलला असतं तेच. आत पाण्यानं धुतला जाणारा रंग. कवच कडक उन्हात मऊ पडतं, गोळ्या एकमेकींना चिकटतात, आणि मार्करच्या नळीतच फुटतात. म्हणून ही पेटी, हे ओलं गोणपाट. गोणपाट आणि गोळ्यांच्या मधे प्लास्टिक, कारण जिलेटिनला पाणीही सोसत नाही. उन्हापासून वाचवायचं आणि ओलीपासूनही. गोळ्या सांभाळणाऱ्या पोरानं सकाळपासून पेटी सोडलेली नाही. जेवणसुद्धा तिच्यावरच.

प्रत्येक मार्करचा वेग मोजला गेला. सेकंदाला ३०० फुटांच्या वर गोळी गेली तर तो मार्कर मैदानात जात नाही. मास्क मैदानात काढायचा नाही, घाम डोळ्यांत गेला तरी. गोळी फुटली की हात वर आणि बाहेर. नियम एवढेच, आणि ते सगळ्यांना सारखे.

सगळ्यांना सारखे. हे वाक्य लक्षात ठेवा.

[दृश्य: बांधाच्या भोकातून दिसणारं पाणी. ‘जर्मन’ पोरांच्या बाजूचा कॅमेरा.]

हा कॅमेरा शत्रूच्या बिळात लावलेला. समोर ॲक्रिलिकचा तुकडा. साताऱ्यातल्या फोटोफ्रेमवाल्यानं कापून दिला. आमच्याकडची यंत्रं लग्नाच्या शूटिंगची, आणि लग्नात कोणी भिंगावर गोळी मारत नाही. इथं मारतात. छायाचित्रकाराच्या अंगात केशरी जाकीट, त्याला मारायचं नाही असं ठरलेलं. हे जाकीट दुपारी कसं होतं आणि संध्याकाळी कसं झालं, दोन्ही बघा.

आवाजाबद्दल एक सांगून टाकतो. खऱ्या मशीनगनचे आवाज आम्ही घातलेले नाहीत. मिळतात, फुकटही मिळतात. जी फट-फट ऐकू येते ती हवेची आहे, आणि तीच राहील.

[दृश्य: पाचटाचा धूर. पाठीवर फवारणी पंप घेतलेली चार पोरं. नारिंगी पाण्याचे फवारे.]

१९४५ ला हल्ल्याआधी तासन् तास बॉम्ब पडले, तोफा चालल्या, मग आगीचे फवारे सोडणारी वाहनं पुढं आली. इथं आग म्हणजे औषध फवारायचे बॅटरीचे पंप आणि नारिंगी पाणी. धूर ओल्या पाचटाचा. शेवटी विमानांनी एक बतावणी केली होती: झेपावली, पण बॉम्ब टाकले नाहीत. जर्मन बिळांत दबून राहिले आणि पायदळ निघालं. मेजरनी त्यासाठी गावजत्रेचा भोंगा लावला. भोंगा वाजला, बिळातल्या पोरांनी माना खाली घातल्या, आणि वाजायचा थांबला तेव्हा...

[दृश्य: पूर्वेचा बांध ओलांडून येणारी पहिली तुकडी. केशरी फिती.]

पहिली कंपनी पूर्वेच्या बांधावर. तीन मिनिटांनी दुसरी, थेट पश्चिमेकडच्या बांधासाठी. तीन मिनिटं हे खऱ्या लढाईतलं अंतर. मेजरच्या हातात घड्याळ आहे.

[दृश्य: निळ्या फिती. पाण्यात उतरणारी पोरं. गोळ्या फुटतायत.]

या दुसऱ्या कंपनीत, कंपनी कमांडरच्या पाठोपाठ, एक रनर, म्हणजे निरोप पोचवणारा, होता. शिपाई नामदेव जाधव. नगर जिल्ह्यातला. पाण्यातून वर निघताना जर्मनांच्या तीन मोर्चांतून, म्हणजे बांधात पोखरलेल्या मशीनगनींच्या बिळांतून, गोळीबार झाला. कमांडर आणि दोन जवान जखमी, सोबतचे बाकीचे जागीच गेले. धडधाकट राहिला तो एकटा जाधव. त्यानं एका जखमीला उचललं, गळ्याएवढ्या पाण्यातून, सुरुंगांतून, घसरड्या उतारावरून वर नेऊन ठेवलं. परत आला. दुसऱ्याला नेलं. परत आला.

[दृश्य: एक पोरगा जखमी साथीदाराला खांद्यावर घेऊन पाण्यात. पाठीवर हिरवा रंग फुटतो. तो थांबतो, हात वर करतो.]

हा आमचा जाधव. इथपर्यंत आला आणि लागला.

आता काय करायचं? इतिहास सांगतो की जाधव वाचला. नियम सांगतो की लागला तो बाहेर. आयोजक पोरांनी जाधवला मोकळीक द्यायचं ठरवलंही होतं. मेजर नाही म्हणाले. गोळीला काय ठाऊक कोण जाधव ते?

[दृश्य: पाण्यातून बाहेर पडणारा पोरगा दंडावरची पांढरी पट्टी सोडून दुसऱ्याच्या हातात देतो.]

म्हणून ही पट्टी. जाधव पडला की पट्टी जवळच्याकडं जाते, तो जाधव. हा दुसरा. पहिल्या जखमीला त्यानं वर पोचवलं, पण टाच मातीत रुतली, आणि हा गुलाल. निवडून आल्यासारखा माखून तो बाहेर आला. हसतोय. मागचा हसत नाही, कारण पट्टी त्याच्याकडं आली आहे.

तिसरा. चौथा पाण्यातच. पाचवा हा, बारीक अंगाचा. अकॅडमीत उंचीला कमी पडतो म्हणून त्याला पुढं कोणी उभं करत नव्हतं. त्याचं बघा. तो जखमीला खांद्यावर घेत नाही. काखेत हात घालून पाठीवर तरंगवत आणतो, पाणी वजन घेतं. हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. पाण्याखाली त्याचे पाय काय करतायत ते दिसत नाही, पण चेहऱ्यावर दिसतं.

[दृश्य: तोच पोरगा, सलग. कट नाही.]

इथून पुढचं सलग आहे.

जाधवनं टॉमीगनच्या माऱ्यानं पहिला मोर्चा गप्प केला. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, तेव्हा ती फेकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. त्यांनी आणखी दोन मोर्चे साफ केले. बॉम्ब संपले तर सरपटत बांधाच्या माथ्यावर गेला, पलीकडच्या उतारावरच्या साथीदारांकडून भरून आणले.

इथं हातबॉम्ब म्हणजे रंगपंचमीचे फुगे. पहिल्या मोर्चात एक. दुसऱ्याला दोन, एक फुटलाच नाही. आता तो वर सरपटतोय. फुगे देणारे हात दिसतायत. तिसरा मोर्चा.

[दृश्य: पोरगा बांधाच्या माथ्यावर उभा. हात हलवतोय. मागून घोषणा.]

तिन्ही मोर्चे बंद पडल्यावर नामदेव जाधव बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभा राहिला, मराठ्यांची युद्धघोषणा देत राहिला आणि उरलेल्या कंपन्यांना हातानं बोलावत राहिला. वरून मॉर्टरचा मारा चालूच होता. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला. त्याच दिवशी, त्याच नदीवर, फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या अली हैदरलाही मिळाला. एक नगरचा, एक सरहद्दीकडचा.

“बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की...” पुढचं पोरांनी म्हटलंय. ते आम्ही मिक्सिंगमध्ये वाढवलेलं नाही.

[दृश्य: पितळी पेटी. झाकणावरचा नंबर. जेसीबीमालकाचा हात.]

ही ती पेटी.

[दृश्य: रंगलेले बांध, पाणी, गोळा केलेले मार्कर. काळं निळं पडलेले दंड.]

इटलीतलं युद्ध पुढच्या तीन-साडेतीन आठवड्यांत, २ मे ला संपलं. आपले हजारो जवान तिथल्याच मातीत राहिले. इकडं एकाच्या कानामागं टाके पडले, शेजारच्या कांद्याचं नुकसान भरून दिलं, आणि युद्धाचा खेळ करू नये म्हणून काही माजी सैनिक आले नाहीत. बंधारा गावानं गुरांच्या पाण्यासाठी ठेवून घेतला.

[दृश्य: मेजर बांधावर. खाली ओळीत पोरं, मार्कर नसलेली, ओली.]

मार्कर परत गेले. गोळ्या संपल्या. ऊन अजून होतं.

मेजरनी पोरांना परत ओळीत उभं केलं. “एकाच जागंनं उतरला सगळी. मेंढरं हाय का? एका मशीनगनीत निम्मी गेला असता. दोघांत धा पावलं अंतर. परत!”

कॅमेऱ्यात बॅटरी होती. पोरं पाण्यात उतरली. या खेपेला अंतर सोडून.