बर्फ, मीठ आणि त्रेचाळीस फूट

अध्यक्ष महाशय आणि मंडळी,

कोल्हापुरात बर्फावर बोलायचा अधिकार खरं तर रंकाळ्यावरच्या गोळेवाल्याचा. मी मध्येच घुसलोय. पत्रिकेवर विषय छापलाय ‘हिमवृष्टीतील नागरी सेवा आणि आपण’. हे नाव माझं नाही. मी चिटणीसांना फोनवर एवढंच म्हणालो होतो की मुलीकडं इंग्लंडला राहून आलोय, बर्फ पडल्यावर तिथली नगरपालिका काय करते ते सांगतो. त्याचं एवढं भारदस्त बारसं कुणी केलं कुणास ठाऊक. त्यातलं ‘आपण’ शेवटी येणार आहे, तेवढं थांबा.

ओळख करून देताना एक राहिलं. बत्तीस वर्षं मी एका नगरपालिकेत पाणीपुरवठ्याकडं होतो. गावाचं नाव सांगत नाही, पेन्शन तिथूनच येते.

तर २०१८ चा फेब्रुवारी संपत आला होता. मुलगी यॉर्कशरमधल्या एका गावात राहते. त्या आठवड्यात सैबेरियाकडून गार वारं आलं आणि सगळं ब्रिटन गोठलं. तिथल्या पेपरांनी त्याला ‘बीस्ट फ्रॉम द ईस्ट’ म्हटलं, म्हणजे पूर्वेकडून आलेलं जनावर. मीही पूर्वेकडूनच आलो होतो, त्यामुळं जावयाला तेवढा एक विनोद आठवडाभर पुरला.

सकाळी दार उघडलं तर पायरी दिसेना. चार बोटं बर्फ. घरची मंडळी झोपलेली. मी म्हटलं, आपण पाणीपुरवठ्याची माणसं, एवढं तर जमेल. आत गेलो, दोन किटल्या पाणी उकळलं आणि ओतलं पायरीवर. बर्फ असा झरझर विरघळला की मला माझंच कौतुक वाटलं. हात झटकून आत आलो, चहा घेतला. तासाभरानं पेपर आणायला म्हणून बाहेर पाऊल टाकलं आणि मंडळी, त्या पायरीची काच झाली होती! ओतलेलं पाणी गोठून बसलं होतं. मी थेट फाटकापर्यंत गेलो, बसल्या बसल्या.

आवाज ऐकून शेजारच्या आजी बाहेर आल्या. वय ऐंशीच्या पुढं. हातात बादली आणि लहान मुलांचं वाळूत खेळायचं फावडं. त्या काही न बोलता माझ्याभोवती मूठमूठ काहीतरी टाकायला लागल्या. तपकिरी, जाडं, खडेमिठासारखं. मला वाटलं माझी दृष्ट काढतात! मीठमोहऱ्याच की हो त्या. मी पडल्या पडल्या हात जोडले. आता त्यांच्याकडं दृष्ट काढत नाहीत हे मला कळतं, पण त्या वेळी कमरेत कळ आली होती.

नंतर मुलीनं सांगितलं, ते मीठच. गल्लीच्या कोपऱ्यावर एक पिवळी पेटी होती. आठ दिवस मी समजत होतो की जुने कपडे टाकायची पेटी असणार. ती कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेनं, ठेवलेली मिठाची पेटी. ज्या गल्लीत मिठाची गाडी येत नाही, तिथल्या लोकांनी त्यातलं मीठ घेऊन रस्त्यावर नि फुटपाथवर टाकायचं. चेशर परगण्यात विन्सफर्डला मिठाची मोठी खाण आहे, तिथलं हे खनिज मीठ. तपकिरी असतं. लोणच्याला चालत नाही, मी चिमूटभर चाखून बघितलंय. आणि पायरीवर गरम पाणी ओतू नका, हे त्यांच्या सरकारच्या सूचनेतच लिहिलंय. मुलगी म्हणाली, ‘बाबा, वाचायचं तरी.’

आता माझी तक्रार ऐका. त्या आठवड्यात कचऱ्याची गाडी आलीच नाही. चाकाची मोठी पेटी काठोकाठ भरलेली, झाकणावर वीतभर बर्फ, आत रविवारच्या मटणाची हाडं. पुढच्या आठवड्यात मोठे रस्ते मोकळे झाले तरी गाडी नाही. माझ्यातला निवृत्त अधिकारी जागा झाला. मी कौन्सिलला फोन लावला. बावीस मिनिटं संगीत ऐकलं. मग एक मुलगी बोलली. मी आवाज चढवून विचारलं, ‘आमची गल्ली कधी साफ करणार?’ तिनं पत्ता विचारला, कुठंतरी बघितलं आणि शांतपणे म्हणाली, ‘करणार नाही, सर. तुमचा रस्ता मीठ टाकायच्या यादीत नाही. ऑक्टोबरपासून यादी जाहीर आहे. कचरा पुढच्या पाळीला नेऊ, जादा पिशव्या शेजारी ठेवा.’

मंडळी, मी फोन खाली ठेवला आणि पाच मिनिटं गप्प बसलो. सरकारी कचेरीतून फोनवर इतकं सरळ ‘नाही’ मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. म्हटलंही नव्हतं. आमच्याकडं पंप जळायचा. मोटर वाइंडिंगला गेली की दोन दिवस कमीत कमी, हे मला माहीत असायचं. आणि फोन आला की मी काय सांगायचो? ‘सोडतोय, संध्याकाळपर्यंत येईल.’ बायका रात्री बारापर्यंत घागरी नळाखाली लावून बसायच्या. खरं सांगितलं तर त्याच घागरी घेऊन मोर्चा दारात येईल ही भीती. मोर्चा तिसऱ्या दिवशी यायचाच.

थोडं मिठाचं शास्त्र सांगतो. मीठ बर्फ पडायच्या आधी टाकतात. खारं पाणी शून्याला गोठत नाही, आणखी खाली जावं लागतं. पण उणे आठ-दहाच्या खाली गेलं की मिठाचं फारसं चालत नाही. पाऊस आला तर धुऊन जातं. आणि मीठ चाकांनी चेचलं जावं लागतं, म्हणून वर्दळ नसलेल्या गल्लीत टाकून उपयोगही कमी. हवा किती गार हे ते बघत नाहीत, रस्ता किती गार हे बघतात. रस्त्यात तापमापी पुरलेले असतात. डांबर एका अंशाच्या आसपास उतरणार असा अंदाज आला की रात्रीच गाड्या निघतात. त्या गाड्यांना नावं असतात बरं का! डॉनकॅस्टरच्या कौन्सिलनं २०१७ ला लोकांकडून नावं मागवली, एकीचं ठेवलं ‘डेव्हिड प्लोवी’. गायक डेव्हिड बोवी आणि बर्फ ढकलायचा प्लाऊ यांचा संकर. आपल्याकडं असती तर निम्म्या गाड्यांची नावं ‘हिंदकेसरी’ झाली असती आणि उरलेल्या निम्म्यांवरून दोन तालमींत...

चिठ्ठी आली. ‘सात मिनिटे’. बरं. मुद्द्याला येतो, पळत पळत येतो.

एक, कायदा. रस्त्यावरचं बर्फ काढणं हे देखभालीत मोडत नाही, असा निकाल तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या कोर्टानं, २००० मध्ये दिला. मग २००३ मध्ये कायदा बदलला आणि बर्फामुळं रस्ता धोकादायक होऊ नये हे बघायचं कर्तव्य कौन्सिलवर आलं. पण शब्द बघा, ‘वाजवी रीतीनं शक्य असेल तेवढं’. शक्य तेवढं म्हणजे किती? तर ते आधी लिहून काढावं लागतं. आधी मोठे रस्ते, बसचे मार्ग, दवाखाने, अग्निशमन. बहुतेक ठिकाणी निम्म्याहून कमी रस्त्यांवर मीठ पडतं, आणि कुठल्या रस्त्यांवर पडत नाही हे नकाशावर दिसतं. २००९-१० च्या हिवाळ्यात तर मीठच कमी पडलं, तेव्हा याद्या आणखी आखडल्या.

दोन, आता ‘आपण’. आपल्याकडं बर्फ नाही, पंचगंगा आहे. पावसाळ्यात हे शहर एकमेकांना नमस्कार करत नाही, ‘राजाराम बंधाऱ्याला किती फूट?’ विचारतं. एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका, हे शेंबड्या पोरालाही पाठ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं. शिंगणापूर, बालिंग्याचे उपसा पंप बुडाले, म्हणजे चहूकडं पाणी आणि नळ कोरडे. शिरोलीला हायवे पाण्याखाली, पेट्रोल मोजून मिळायचं. २०२१ ला पुन्हा तेच. सुतारवाड्यातला माझा एक मित्र म्हणतो, ‘एकोणचाळीसला गाद्या माळ्यावर, एक्केचाळीसला म्हस बाहेर, त्रेचाळीसला आम्ही.’ बघा, त्याच्या घरची यादी तयार आहे!

माझं म्हणणं एवढंच, त्यांनी मीठ अंशाला बांधलंय, आपण सेवा फुटाला बांधू. कितव्या फुटाला कुठली केएमटीची बस वळणार, कुठली बंद होणार. कितव्या फुटाला कुठला पंप थांबणार, मग टँकर कुठल्या चौकात आणि कुठल्या गल्लीत अजिबात नाही. कचरा कुठं नेणार नाही. हे मे महिन्यात वॉर्डावॉर्डात रंगवून लावायचं. टँकर न येणारी गल्ली ओरडेल, मान्य आहे. पण मे महिन्यात ओरडेल, बॅरल विकत घेऊन ठेवायला दीड महिना हातात असताना. पिवळ्या पेटीचं आपल्याकडं काय करायचं, म्हणजे तालमींकडं दोर, पुरात होडीसारख्या चालणाऱ्या गुळाच्या काहिली, क्लोरीनच्या गोळ्या आधीच देऊन ठेवायच्या का, हा तिसरा मुद्दा होता...

दुसरी चिठ्ठी. तो राहिला, बाहेर भेटा.

मागं चहाची सोय आहे. मगाशी आत जाऊन बघून आलो, कप साठ आहेत आणि आपण ऐंशीच्या आसपास दिसतो. पहिल्यांदा ज्येष्ठ, मग महिला, मग उजवीकडच्या रांगा. डावीकडच्या शेवटच्या दोन रांगांना चहा मिळणार नाही. कोपऱ्यावर गाडा आहे, तो नऊपर्यंत उघडा असतो.