खोडलेला काना

श्रोतेहो, नमस्कार.

दादरच्या एका ग्रंथालयात मी एकतीस वर्षं नोकरी केली. निवृत्तीला दोन महिने उरले होते, ऐन जुलैचा पाऊस होता, आणि एक बाई टॅक्सीतून दोन पत्र्याच्या ट्रंका घेऊन दारात उतरल्या. त्यांचे सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझगावची चाळ आता पुनर्विकासाला निघाली होती आणि भाड्याच्या जागेत ट्रंका मावत नव्हत्या. रद्दीवाल्यानं किलोचा भावही सांगून ठेवला होता. मी विचारलं, "वहिनी, आहे काय यात?" त्या म्हणाल्या, "विमानं."

ट्रंकांत सत्तेचाळीस वह्या निघाल्या. शाळेत वापरतात तशाच, वर ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेल्या. सगळ्या भारतीय हवाई दलाच्या इतिहासाच्या, सगळ्या मराठीत आणि एकाच हातच्या, त्या सासऱ्यांच्या. त्या लिहिणाऱ्याचं आयुष्य मी गेली सहा वर्षं शोधते आहे. घरच्यांची इच्छा आहे की नाव जाहीर होऊ नये, म्हणून चाळ त्यांना जे म्हणायची तेच मी म्हणते: अण्णा.

अण्णा दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात इंजिन फिटर होते. वैमानिक नव्हते, आणि शोधणाऱ्यासाठी हा फरक फार मोठा असतो. वैमानिकाची लॉगबुक असते. कुठल्या दिवशी, कुठलं विमान, किती मिनिटं, सगळं त्यात त्याच्या हातचं असतं. स्क्वाड्रनच्या, म्हणजे विमानांच्या तुकडीच्या, रोजच्या नोंदी फॉर्म ५४० वर होत आणि उड्डाणांचा तपशील ५४१ वर, तिथेही वैमानिकाचं नाव मिळतं. ब्रिटिश हवाई दलाच्या स्क्वाड्रनांच्या अशा नोंदवह्या लंडनजवळ क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'एअर २७' या मालिकेत आजही बघायला मिळतात. रात्रभर पंखाखाली पाठीवर पडून ज्यानं ते विमान सकाळसाठी तयार केलं, त्याचं नाव मात्र या कागदांत सहसा येत नाही. येतो तो आकडा: इतके अधिकारी, इतके एअरमन.

अण्णांनी वह्या भरल्या त्या याच माणसांसाठी. युद्ध संपलं, ते मुंबईला परतले, गिरणीत फिटर म्हणून लागले आणि पाळी सुटली की लिहायला बसायचे. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ आहे: "दोन कागद जुळल्याशिवाय गोष्ट लिहायची नाही." ही शिस्त त्यांनी शेवटपर्यंत पाळली. १९६१ साली निघालेला भारतीय हवाई दलाच्या १९३३ ते ४५ या काळाचा अधिकृत इतिहास त्यांच्या ट्रंकेत होता. हा एस. सी. गुप्ता यांचा खंड, बिशेश्वर प्रसाद यांच्या संपादनाखालच्या मालिकेतला. फाळणीनंतरही भारत आणि पाकिस्तान यांनी मिळून चालवलेलं हे काम आहे, आणि ही गोष्ट मला अजून फार मोलाची वाटते. अण्णांच्या प्रतीत समासभर पेन्सिलीनं प्रश्न आहेत. "हे कोणी बसवले?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न.

उदाहरण सांगते. १९४१च्या नोव्हेंबरात पेशावरला एक नंबर स्क्वाड्रनला बारा लायसँडर विमानं भेट मिळाली. देणारा होता बॉम्बे वॉर गिफ्ट्स फंड, म्हणजे ही भेट आपल्या मुंबईची. पुढच्याच फेब्रुवारीत स्क्वाड्रन लीडर मजुमदार ती विमानं घेऊन ब्रह्मदेशात तौंगूला गेले आणि सयाममधल्या, म्हणजे आजच्या थायलंडमधल्या, जपानी विमानतळांवर त्यांनी हल्ले चढवले. लायसँडर हे टेहळणीचं विमान. त्याला दोन अडीचशे पौंडी बॉम्ब लावायची सोय जागच्या जागी करून घेतली होती. पुस्तकात हे एका वाक्यात उरकलं आहे. अण्णांनी त्या वाक्यासाठी अर्धी वही खर्च केली. साधनं कुठून आणली, मोजमाप कसं घेतलं, पहिल्यांदा भार चढवला तेव्हा विमान जमिनीवर कसं दबलं.

ती अर्धी वही वाचून मी ठाम ठरवलं की अण्णा तौंगूला होते. पाहिल्याशिवाय इतकं लिहिता येतच नाही. तसं एक टिपणही करून ठेवलं. ते चुकलं होतं. सेवापुस्तिका सापडली तेव्हा कळलं की त्या फेब्रुवारीत अण्णा अजून प्रशिक्षणातच होते. हे सगळं त्यांना तौंगूला गेलेल्या एका जोडीदाराच्या पत्रांतून मिळालं होतं. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं ते इतकं नीट लिहायचे.

म्हणजे मला अडचण आली ती अशी. हा माणूस सगळ्यांबद्दल लिहितो आणि स्वतःबद्दल एक अक्षर नाही. सत्तेचाळीस वह्यांत 'मी' नाही. सेवापुस्तिकेची मधली पानं वाळवीनं खाल्लेली. युनिटांची नावं दिसतात, तारखा गेल्या.

शोधायचं कसं, हे अण्णांकडूनच शिकले. त्यांची एक वही वेलिंगकरांवर आहे. श्रीकृष्ण वेलिंगकर, आपल्या मुंबईचा तरुण. पहिल्या महायुद्धात तेवीस नंबर स्क्वाड्रनमधून फ्रान्सच्या आघाडीवर उडाला, जूनच्या अखेरीस गस्तीवरून परतला नाही आणि ३० जून १९१८ला जर्मनांच्या कैदेत वारला. फ्रान्समध्ये हांगार्डला त्याची कबर आहे. अण्णांनी वहीच्या सुरुवातीलाच त्याच्या आडनावाची सहा इंग्रजी रूपं मांडली आहेत, ग असलेली, ग नसलेली, व दोन तऱ्हांनी लिहिलेला. मराठी आडनाव साहेबाच्या कारकुनाच्या हातात पडलं की त्याचं काय होईल सांगता येत नाही. मग मीही अण्णांच्या आडनावाची रूपं मांडली आणि पाचव्या रूपावर एका जुन्या बदली-यादीत ते सापडले. स्क्वाड्रन नंबर एक. आनंदानं मी त्या दिवशी वहिनींना रात्री दहा वाजता फोन केला.

पण यादीत तारीख नव्हती. ती मिळाली ती भलत्याच वाटेनं.

इंफाळची वही मी खिडकीशी धरून वाचत होते. १९४४चा इंफाळचा वेढा. मार्चच्या शेवटी जपान्यांनी कोहिमाचा रस्ता तोडला आणि तो २२ जूनला उघडला. तोवर धान्यापासून औषधापर्यंत सगळं विमानानं यायचं. एक नंबर स्क्वाड्रन तिथेच होती, अर्जनसिंग यांच्या हाताखाली, हरिकेन विमानं घेऊन. त्या वहीत एक वाक्य आहे: "रात्री सगळे खंदकात झोपत होते." उजेड मागून आला आणि मला 'ते' या अक्षराच्या पुढे कागद पातळ झालेला दिसला. ब्लेडनं खरवडला होता. तिथे आधी काना होता.

श्रोतेहो, मनातल्या मनात अक्षर काढून बघा. 'होतो' मधला शेवटचा काना काढला की काय उरतं? 'होते'. "सगळे खंदकात झोपत होतो." अण्णांनी आधी तसंच लिहिलं होतं आणि मग बसून, एकेक काना खरवडून, स्वतःला त्या वाक्यांतून बाहेर काढलं होतं.

पुढचे चार महिने मी दुसरं काही केलं नाही. भिंग, टेबललँप आणि वह्या. 'होते', 'गेले', 'आले', 'बसले', प्रत्येक क्रियापद उजेडावर धरायचं. तौंगूच्या वहीत एकही काना खरवडलेला नाही. आधीपासून 'ते'च. इंफाळच्या वहीत एकसष्ट ठिकाणी आहे. पहिली जागा फेब्रुवारीत स्क्वाड्रन तिथे उतरते त्या पानावर. आता माझ्याकडे दोन कागद झाले, बदलीची यादी आणि ही वही. अण्णांच्या नियमात बसणारे.

याच वाटेनं एक गोष्ट हातची गेलीही. घरात सगळ्यांना पाठ असलेली कथा अशी, की अण्णांनी गोदीचा स्फोट डोळ्यांनी पाहिला. १४ एप्रिल १९४४, मुंबई बंदरातली व्हिक्टोरिया गोदी, दारूगोळा भरलेली फोर्ट स्टिकिन बोट, दुपारचे चार वाजून सहा मिनिटं. भिंतीवरचा लामणदिवा कसा पडला, आई पिठाच्या हातानं कशी जिना उतरली, हे नातवंडांनी शंभरदा ऐकलेलं. वहीत त्या दिवसावर आठ पानं आहेत. मी ती उजेडावर धरली. एकही काना खरवडलेला नाही. त्या दिवशी अण्णा इंफाळला होते, वेढ्याच्या आत.

वहिनींना सांगायला मला आठवडा लागला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "खोटं नव्हते हो बोलत ते." मलाही तसं वाटत नव्हतं. दुसऱ्या ट्रंकेच्या तळाशी, लग्नाच्या शालूच्या खोक्यात, पत्र मिळालं. अण्णांच्या आईनं शेजारच्या मास्तरांकडून लिहवून घेतलेलं, तारीख मे महिन्याच्या अखेरची. स्फोटाची बातमी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं दुसऱ्याच दिवशी दिली होती. आपल्याकडे सेन्सॉरनं ती मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत अडवून धरली. ते सहा आठवडे आईचं काय झालं असेल या घोरात अण्णांनी काढले असतील का? वहीत त्याबद्दल काही नाही. पत्राच्या घड्या मात्र फाटेपर्यंत झिजलेल्या आहेत. लामणदिवा, पीठ, जिना, सगळं त्यात आहे, आईच्याच शब्दांत. अण्णा मुलांना आईचे शब्द तसेच्या तसे सांगायचे, आणि कधीतरी ऐकणाऱ्यांनी त्यांना त्या जिन्यावर उभं केलं. मी ती कथा चरित्रातून काढलेली नाही. आईच्या नावावर घातली आहे.

काम अजून पुरं झालेलं नाही. तुमच्यापैकी कोणाच्या माळ्यावर त्या काळातलं काही असेल, सेवापुस्तिका, बदलीचा कागद, खाकी हाफपँटीतल्या पोरांचा फोटो, तर तो टाकू नका. फोटोतली माणसं ओळखणारं कोणी घरात असेल तर आजच मागे पेन्सिलीनं नावं लिहून घ्या, डावीकडून उजवीकडे. शाईनं नको, ती पुढच्या बाजूला उमटते. आणि या केंद्राच्या पत्त्यावर मला कळवा. अण्णांच्या ट्रंकेत असा एक फोटो आहे: हरिकेनच्या पंखाखाली नऊ जण, सातांची नावं लागली. उरलेल्या दोघांपैकी एकाच्या हातात ॲल्युमिनियमचा मग आहे आणि डोक्याला टॉवेल गुंडाळलेला आहे. दुसरा हसताना हललाय, त्यामुळे चेहरा पुसट आला आहे.

एक सांगायचं राहिलं. इंफाळच्या वहीत एकसष्ट काने खरवडलेले, असं मी म्हटलं. बासष्टावा जागेवर आहे. पान अठ्ठ्याऐंशी, जूनचा पाऊस, रात्र. हरिकेनच्या इंजिनाला बारा सिलिंडर, प्रत्येकाला दोन, असे चोवीस प्लग. धारवाडकडचा एक पोरगा ते बदलत होता. राहून गेला की ठेवला, मला ठरवता आलेलं नाही. वाक्य असं आहे: "उजाडेपर्यंत त्याच्या डोक्यावर ताडपत्री धरून उभा होतो."

नमस्कार.