लाखात किती?

(मालवणचा किनारा. पहाट. रापण ओढली जाते आहे.)

दोर ओढून झाला, जाळं वाळूवर आलं. बायका पाट्या घेऊन बसल्या. बांगडा वेगळा, तारली वेगळी. त्यांच्यातल्या एका चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात बांगडा तसाच आहे आणि मान छातीवर कलली आहे. तिला झोप लागली आहे. दोन मिनिटांनी तिची तीच जागी होते आणि बांगडा पाटीत टाकते.

काल रात्री आठलाच ती आडवी झाली होती.

कुणी थट्टा केली आणि तिला हसू फुटलं, की गुडघ्यातलं बळ जातं. ती मटकन वाळूत बसते. शुद्धीवर असते, सगळं ऐकू येतं, पण उठवत नाही. आई सांगते, "चेडू हसता हसता खाली बसता. लोक म्हणतत, भायरचा कायतरी लागला." देवळात गाऱ्हाणं घालून झालं. शाळेत आळशी म्हणून नाव पडलं.

या आजाराला नार्कोलेप्सी म्हणतात. हसताना अंग गळून जातं, ती कॅटाप्लेक्सी. आपल्याला जागं ठेवणारं ओरेक्सिन मेंदूतल्या मोजक्या पेशी बनवतात. या मुलीसारख्या रुग्णांत त्या पेशीच जवळपास संपलेल्या असतात. बहुतेकदा सुरुवात होते ती शाळा-कॉलेजच्या वयात.

युरोप-अमेरिकेत लाखामागे साधारण 25 ते 50 जणांना हा आजार आहे. जपानच्या पाहण्यांत हाच आकडा 160 च्या पुढे जातो. इस्रायलच्या एका जुन्या अंदाजात तर लाखामागे एक माणूसही भरत नाही.

एवढी तफावत रक्तातली म्हणावी, तर गणित जुळत नाही. या आजाराशी जोडलेला जनुकाचा प्रकार युरोपात साधारण चारातल्या एकाकडे असतो, जपानमध्ये त्याहून कमी लोकांकडे. तरी आकडा जपानचा मोठा. तिथे शाळकरी मुलांपर्यंत जाऊन विचारपूस झाली होती. इस्रायलचा अंदाज झोपेच्या दवाखान्यात पोचलेल्यांवरून बांधला होता. मला तरी यातला बराच फरक शोधणाऱ्याच्या पावलांचा वाटतो. जो दवाखान्यात पोचलाच नाही, तो मोजला कसा जाणार?

2011 च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या घरात होती. लाखामागे 25 धरले, तरी एकट्या या जिल्ह्यात दोनशेच्या वर माणसं होतात. कुणी होडीवर असेल, कुणी आंब्याच्या झाडावर चढलेलं, कुणी घाटात गाडी चालवत.

(घराची पडवी. आईच्या मांडीवर वही.)

डॉक्टरांनी झोपेची तपासणी सांगितली आहे: रात्रभर यंत्र लावून झोपायचं, मग दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी डुलकी, आणि झोप किती मिनिटांत लागते ते मोजायचं. त्याआधी घरी नोंद ठेवायची. आईने मासळीच्या हिशेबाची वहीच घेतली. कालच्या पानावर बांगड्याच्या भावाखाली लिहिलं आहे: सकाळी 9.40, वर्गात. दुपारी 1.10, जेवताना. संध्याकाळी 5, भावाबरोबर हसली, खाली बसली.