मोजणीबाहेरच्या मुली

[दृश्य: भेंडीबाजार, सकाळ. जुन्या इमारती पाडून उभे राहिलेले टॉवर. मागे रौदत ताहिरा या मकबऱ्याचा पांढरा संगमरवर.]

निवेदन:

मुंबईचा भेंडीबाजार. रंगीबेरंगी रिदा घातलेल्या बायका मुलांना शाळेत सोडून परत निघाल्या आहेत, दुकानांची शटर वर जाताहेत. दाऊदी बोहरा समाजाचं हे सगळ्यात ओळखीचं ठिकाण. हा समाज व्यापारात मुरलेला आणि शिक्षणात पुढे आहे. इथल्या मुली डॉक्टर होतात, सीए होतात, स्वतःचा धंदा सांभाळतात. जगभरात मिळून यांची संख्या साधारण १० लाखांच्या घरात आणि धर्मगुरू सय्यदना यांचं पीठ मुंबईत.

याच समाजात मुलगी सात वर्षांची झाली की तिच्या जननेंद्रियावरची, म्हणजे क्लिटोरिस या लैंगिक संवेदनेच्या छोट्या अवयवावरची, त्वचा कापायची प्रथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. घरात म्हणतात खतना. धार्मिक भाषेत खफ्ज. मुलीला नेणाऱ्या बायकाच, कापणारीही बाईच. घरातल्या पुरुषांना कित्येकदा याची गंधवार्ता नसते.

[दृश्य: मोहम्मद अली रोडवरची गर्दी. कॅमेरा कुठल्याही चेहऱ्यावर थांबत नाही.]

मासूमा रनालवी यांनी आपली हकिगत नावानिशी, जाहीरपणे सांगितली आहे. त्या सात वर्षांच्या होत्या. आइसक्रीम आणि गोळ्या घेऊन देते असं सांगून आजीने त्यांना बाहेर नेलं आणि एका जुनाट इमारतीतल्या अंधाऱ्या खोलीत आणलं. तिथे अनोळखी बाई होती. मुलीला आडवं करून धरलं, चड्डी खाली ओढली. मग एक जीवघेणी कळ. जखमेवर काळी पूड लावली आणि मुलगी रडत रडत घरी आली. आपल्या शरीराचं नेमकं काय झालं, याचा उलगडा त्यांना पुढे कित्येक वर्षांनी झाला.

ही त्यांची एकटीची कथा असती तर आपण हळहळून पुढे गेलो असतो. पण आमिष, अंधारी खोली, ब्लेड आणि 'कुणाला सांगायचं नाही' ही ताकीद एकमेकींना कधीही न भेटलेल्या बोहरा स्त्रियांच्या आठवणींमध्ये पुन्हा पुन्हा येते. आता शहरांतली काही कुटुंबं मुलीला दवाखान्यात नेतात. तिथे स्वच्छता असते, भूल असते. पण ज्या गोष्टीचा वैद्यकीय उपयोग शून्य, ती करायला डॉक्टर तयार होतात, हे मला जास्त भयंकर वाटतं.

[दृश्य: जगाचा नकाशा.]

जागतिक आरोग्य संघटना अशा सगळ्या प्रकारांना, अगदी टोचण्या-ओरखडण्यालाही, स्त्रीच्या जननेंद्रियाची इजा मानते. २०२४ मध्ये युनिसेफने आकडा दिला: आज हयात असलेल्या २३ कोटींहून अधिक मुली-स्त्रिया यातून गेल्या आहेत. त्यातल्या १४ कोटींहून अधिक आफ्रिकेत, तर ८ कोटींहून अधिक आशियात. सोमालियात हे प्रमाण ९९ टक्के आहे. केनियात मात्र १९९८ साली ३८ टक्के स्त्रियांवर हे झालेलं होतं, ते २०२२ पर्यंत १५ टक्क्यांवर आलं. तिथे २०११ मध्ये कडक कायदा झाला, पण उतरण त्याआधीच सुरू झालेली होती, कारण गावागावात लोक याबद्दल उघड बोलू लागले होते.

या हिशेबात भारत नाही. भारतातल्या एकाही मुलीची त्यात नोंद नाही, कारण आपल्याकडे सरकारी पातळीवर हे कुणी विचारलेलंच नाही.

[दृश्य: पवई, आयआयटीचं प्रवेशद्वार.]

विचारलं ते बायकांनी. आयआयटी मुंबईत शिकवणाऱ्या रेहाना घडियाली यांनी १९९१ मध्ये 'मानुषी' मासिकात बोहरा स्त्रियांशी बोलून या प्रथेवर लिहिलं. हे का करता, असं विचारल्यावर मिळालेली उत्तरं आजही तीच ऐकू येतात: धर्मात सांगितलंय, रीत आहे, मुलीची वासना ताब्यात राहते. क्लिटोरिसला समाजात 'हराम की बोटी', म्हणजे निषिद्ध मांसाचा तुकडा, म्हणतात. सात वर्षांच्या मुलीच्या शरीराच्या एका भागाला हे नाव देऊन तो कापायचा.

कुराणात या प्रथेचा उल्लेख नाही. बोहरा परंपरा आधार देते तो दहाव्या शतकातल्या 'दआइम अल्-इस्लाम' या ग्रंथाचा. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य मुसलमान घरांत असं काही नसतं, हे इथे स्पष्ट सांगितलं पाहिजे. हा विषय हातात घेऊन मुसलमानांना झोडपायला निघालेले लोक कमी नाहीत, आणि त्यांचा सगळ्यात जास्त त्रास होतो तो आतून लढणाऱ्या बोहरा बायकांनाच.

घडियाली यांच्या लेखानंतर जवळजवळ पाव शतक शांतता. २०१५ मध्ये मात्र बोहरा स्त्रिया नाव लपवायचं सोडून पुढे आल्या आणि त्यांनी या प्रथेवर बंदी मागितली. त्याच वर्षी मुंबईत 'सहियो' ही संघटना उभी राहिली. २०१७ मध्ये तिने ३८५ बोहरा स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. ८० टक्के जणींचं खतना झालेलं होतं आणि ८१ टक्के जणींचं म्हणणं होतं की हे पुढे चालू राहू नये. पाहणी ऑनलाइन होती, म्हणजे उत्तरं देणाऱ्या बहुतेक शिकलेल्या आणि बोलायला राजी असलेल्या. सगळ्या समाजाचं मत म्हणून हा आकडा वापरता येणार नाही.

तरी त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. २०१८ मध्ये रनालवी यांच्या 'वी स्पीक आउट' या गटाने एक अभ्यास पुढे आणला. त्यात ९४ जणांच्या मुलाखती होत्या. या लोकांच्या सात वर्षांवरच्या मुलींपैकी ७५ टक्के मुलींचं खफ्ज झालेलं होतं. आणि ज्या स्त्रियांना आपल्यावर झालेला तो प्रसंग आठवत होता, त्यांतल्या ९७ टक्के जणींना त्याची वेदना आठवत होती.

इतक्या जणींना नको आहे, इतक्या जणींना वेदना आठवते, तरी मुलीला तिथे नेलं जातं.

[दृश्य: एका घरातला दिवाणखाना. भिंतीवर सय्यदनांची तसबीर.]

यात क्रूर आया शोधून सापडणार नाहीत. नको म्हणणाऱ्या आईला वाटतं, आपण एकट्याच आहोत. सासू विचारेल, मासी विचारेल, उद्या लग्न जुळवताना कुणीतरी विचारेल. शेजारच्या घरातल्या आईलाही हेच वाटत असतं. विषय बोलायचाच नाही, हा दंडक असल्यामुळे दोघींना एकमेकींचं मन कळत नाही. त्यावर बहिष्काराची भीती. जमातीबाहेर काढलेल्या माणसाशी नातेवाईकही बोलत नाहीत, दफनभूमीत जागा मिळणं अवघड होतं. मुंबई राज्याने १९४९ मध्ये अशा बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, तेव्हाच्या सय्यदनांच्याच याचिकेवर. असगर अली इंजिनिअर यांच्यासारख्या सुधारकांनी या बहिष्काराची झळ आयुष्यभर सोसली. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी नवा कायदा केला खरा, पण नातीच तुटतील या धाकावर कायद्याचा इलाज फार चालत नाही.

धर्मपीठाची भूमिकाही स्वच्छ नाही. २०१६ मध्ये लंडन, सिडनी, अमेरिकेतल्या जमातींनी आपल्या लोकांना पत्रं पाठवली: इथला कायदा पाळा, खतना करू नका. त्याच वर्षी सय्यदनांनी मात्र स्त्री-पुरुष दोघांच्याही खतन्याला धार्मिक विधी म्हणून दुजोरा दिला. म्हणजे सिडनीतल्या मुलीला सूट आणि मुंबईतल्या मुलीला नाही, हे कसं?

प्रथेच्या बाजूने उभ्या राहिलेल्या बोहरा स्त्रियाही आहेत. त्यांनी संघटना काढली, सर्वोच्च न्यायालयात वकील दिले. त्या म्हणतात, आमचा खफ्ज म्हणजे जरासा स्पर्श, आफ्रिकेतल्या प्रकाराशी त्याची तुलना करू नका. मुलग्यांची सुंता चालते, मग आमचाच विधी गुन्हा का? त्यांच्यातल्या अनेकींचा हा अनुभव खरा असेल, तो खोटा ठरवायचा अधिकार मला नाही. पण हात-पाय झाडणाऱ्या मुलीवर, शरीरशास्त्र न शिकलेल्या बाईच्या हातचं ब्लेड कुठे थांबेल याची हमी कोण देणार? ऑस्ट्रेलियातल्या बोहरा मुलींच्या खटल्यात हाच मुद्दा निघाला. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठाने ठरवलं, की नुसता छेद किंवा टोचणंही कायद्याने गुन्हाच.

[दृश्य: दिल्ली, सर्वोच्च न्यायालय.]

आपल्याकडे २०१७ मध्ये जनहित याचिका दाखल झाली. त्या वर्षीच्या मे महिन्यात महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी म्हणाल्या होत्या, की समाजाने स्वतःहून हे थांबवलं नाही तर सरकार कायदा आणेल. डिसेंबरमध्ये त्यांच्याच मंत्रालयाने न्यायालयात लिहून दिलं: अशा प्रकाराच्या अस्तित्वाला पुष्टी देणारी अधिकृत आकडेवारी किंवा अभ्यास नाही. ज्यांच्या अंगावर जखम आहे त्या बायका नाव-गाव सांगून उभ्या होत्या, आणि त्यांना हे उत्तर मिळालं. पुढे २०१८ मध्ये महान्यायवादी वेणुगोपाल यांनी सरकारच्या वतीने बंदीची बाजू घेतली. खंडपीठानेही विचारलं, की स्त्रीच्या शरीरावर दुसऱ्या कुणाची सत्ता का असावी? मग सप्टेंबरमध्ये प्रकरण घटनापीठाकडे गेलं आणि नंतर शबरीमला मंदिरातल्या स्त्रीप्रवेशाच्या प्रकरणातून निघालेल्या धर्मस्वातंत्र्याच्या प्रश्नांबरोबर नऊ न्यायमूर्तींच्या पीठाशी जोडलं गेलं. याचिका आली तेव्हा जन्मलेली मुलगी २०२४ मध्येच सात वर्षांची झाली.

[दृश्य: सर्वेक्षणाला निघालेली आरोग्य कार्यकर्ती, खांद्याला पिशवी, हातात टॅब.]

न्यायालयाचा निकाल येईल तेव्हा येईल. मोजणीला त्याची वाट पाहावी लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपण नवऱ्याच्या मारहाणीबद्दल विचारतो, गर्भपाताबद्दल विचारतो. त्याच धर्तीचं सर्वेक्षण अनेक आफ्रिकी देशांत होत आलं आहे आणि तिथे या विषयाची प्रश्नावली तयार आहे: तुमच्यावर झालं का, कितव्या वर्षी, कुणी केलं, मुलीवर केलंत का, हे चालू राहावं असं तुम्हाला वाटतं का? जगभरातले बोहरा मिळूनच साधारण १० लाख, त्यामुळे भारताच्या १४० कोटींतून घेतलेल्या नेहमीच्या नमुन्यात बोहरा घरं जेमतेम येतील. म्हणून मुंबई, पुणे, सुरत, दाहोद, उदयपूर, इंदूर इथे वेगळी पाहणी करावी लागेल आणि ती करणाऱ्या बायका जमातीच्या दबावाबाहेरच्या असाव्या लागतील. उत्तरं गुप्त राहतील याची लेखी हमी हवी. शेवटच्या प्रश्नाला, चालू राहावं का या प्रश्नाला, मिळालेली उत्तरं मोहल्ल्यामोहल्ल्यात जाहीर वाचून दाखवायला हवीत, म्हणजे नको म्हणणाऱ्या आईला कळेल की तिच्यासारख्या किती जणी आहेत.