मचल्नी गावाचं बेट

नमस्कार श्रोतेहो. १९८६ साली दिलीप वेंगसरकरांनी इंग्लंडमध्ये नाबाद १०२ धावा काढल्या, ते लीड्सचं हेडिंग्ली मैदान तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या नावातला शेवटचा ‘ली’ हा हजार वर्षांहून जुन्या इंग्रजीतला शब्द आहे. रान, किंवा रानातली मोकळी जागा, हा त्याचा अर्थ. लंडनमधल्या वेम्ब्ली, फिंचली, ब्रॉम्ली यांतही तोच. रोजच्या बोलण्यातून तो केव्हाच गेला, तिथलं रानही गेलं, पण नावं टिकली.

ही नावं ठेवणारी माणसं शेतकरी होती आणि जमीन त्यांना पायाखालची ठाऊक होती. मार्गारेट गेलिंग आणि अॅन कोल या दोघी अभ्यासकांनी गावाचं नाव आणि तिथल्या जमिनीचा आकार प्रत्यक्ष ताडून पाहिला. टेकडीसाठी त्या काळी कितीतरी शब्द होते, पण ते वाटेल तसे वापरले जात नव्हते, हे त्यांनी दाखवून दिलं. माथा रुंद आणि वस्ती करण्याजोगा असेल तर ‘डून’. विम्बल्डन आणि स्विंडन यांच्या शेवटी तोच आहे. टेकडीची सोंड पुढे येऊन टाचेसारखी उतरत असेल तर ‘होह’, म्हणजे टाचच. सफोकमधल्या सटन हू इथे १९३९ साली अँग्लो-सॅक्सन, म्हणजे ही नावं ठेवणाऱ्या लोकांच्या काळातलं जहाजातलं दफन सापडलं, त्या ‘हू’चं मूळ हेच.

पण मला सर्वांत मोलाचे वाटतात ते पाण्याचे शब्द.

इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या सॉमरसेटमध्ये पॅरेट नदीच्या सखल, पाणथळ भागात मचल्नी नावाचं छोटं गाव आहे. ‘मचल’ म्हणजे मोठं आणि शेवटचा ‘ई’ म्हणजे बेट, दलदलीतली कोरडी, उंच जागा. जवळच्या अॅथेल्नीच्या नावातही हेच बेट आहे. ८७८ साली चाल करून आलेल्या डेन, म्हणजे व्हायकिंग लोकांपासून वाचण्यासाठी इथल्या वेसेक्स राज्याच्या आल्फ्रेड राजानं तिथे आसरा घेतला होता. पुढे चर खोदून या भागातलं पाणी काढलं, शेतं झाली, रस्ते झाले. नकाशात बेट काही दिसेना. मग २०१४च्या जानेवारीत पूर आला. मचल्नीकडे येणारे सगळे रस्ते पाण्याखाली गेले आणि कित्येक आठवडे गावकऱ्यांची ये-जा होडीतून चालली. हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी जे म्हटलं होतं, ते गाव पुन्हा अक्षरशः तसं झालं.

लंडनमध्येही बॅटरसी आणि बर्मंडसी ही अशीच थेम्सकाठची बेटं. नदीपलीकडच्या चेल्सीचा ‘सी’ मात्र वेगळा. जुन्या लिखाणात ते नाव खडू किंवा चुनखडी उतरवायच्या धक्क्याचं आहे. म्हणून नुसत्या कानावर विसंबून चालत नाही, सगळ्यांत जुनं स्पेलिंग शोधावं लागतं.

आणखी एक शब्द, ‘वॅसे’. नागमोडी नदीच्या काठची अशी जमीन, जिथे पाणी झपाट्यानं चढतं आणि तितक्याच झपाट्यानं ओसरतं. सेव्हर्नकाठचं बिल्डवॉस आणि ट्रेंटकाठचं ऑल्रेवस ही त्याची गावं. पुराची नेमकी चाल एका शब्दात सांगणारी ही भाषा आजच्या इंग्रजीत उरलेली नाही. लेस्टर आणि नॉटिंगहॅम विद्यापीठांतल्या संशोधकांनी अशा नावांचा पुराच्या दृष्टीनं अभ्यास केला आहे, आणि माझ्या मते नदीकाठी घरं बांधायला परवानगी देणाऱ्यांनी तो वाचलाच पाहिजे.

तुमची मुलगी-जावई तिकडे घर बघत असतील, तर शाळा आणि स्टेशन किती लांब आहे हे विचारालच. गावाच्या नावाचा अर्थही शोधायला सांगा, आणि सरकारी पूरनकाशा सही करायच्या आधी बघायला सांगा. नमस्कार.