‘५ चा फेदर मारा’ म्हणणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती

नमस्कार मंडळी! फोटोशॉपमध्ये फोटो कापायच्या व्हिडिओखाली तोच प्रश्न परत परत येतोय, "दादा, फेदर किती ठेवायचा?" (फेदर म्हणजे सिलेक्शनची, म्हणजे निवडलेल्या भागाची, कड मऊ करणं.) आणि लगेच कुणीतरी सांगून मोकळं होतं, "५ ठेव." अहो, फोटो केवढा आहे ते तरी विचारा!

बेसिक पटकन सांगतो. फोटोशॉपमध्ये शिफ्ट धरून सिलेक्शन वाढतं, ऑल्ट धरून कमी होतं. नुसत्या सिलेक्शनचा आकार बदलायचा तर ट्रान्सफॉर्म सिलेक्शन. कंट्रोल-टी दाबलंत तर फोटोच ताणला जाईल. चला पुढे.

फेदर पिक्सेलमध्ये मोजतात. ६००० पिक्सेल रुंद फोटोवर ५ चा फेदर जेमतेम जाणवतो. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आकसून १२०० चा झाला, की त्यावरचा ५ म्हणजे मूळ फोटोवरचा २५! म्हणून आधी कंट्रोल-ऑल्ट-आय दाबा, साइज बघा.

दुसरं, फेदरने कड साफ होत नाही. एका पंचाहत्तरीच्या फ्लेक्सचं काम माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. आजोबांच्या पांढऱ्या टोपीभोवती मागच्या लॉनची हिरवी किनार, आणि ती घालवायला २० चा फेदर मारलेला. फेदर कडेच्या आत-बाहेर दोन्हीकडे पसरतो, त्यामुळे हिरवा आणखी आला. टोपी अक्षरशः शेवाळलेली! अशा वेळी सिलेक्ट, मॉडिफाय, काँट्रॅक्ट. एक-दोन पिक्सेल आत या, मगच हलका फेदर. हा क्रम उलटा करू नका. आधी आत, मग मऊ.

एका ताईंनी विचारलंय, फेदर दिल्यावर चौकोनाचे कोपरे गोल का दिसतात, सिलेक्शन कापलं गेलं का? नाही ताई. ती हलणारी तुटक रेघ फक्त निम्म्याहून जास्त निवडलेला भाग दाखवते. क्यू दाबा, क्विक मास्कमध्ये खरी मऊ कड दिसेल.

आणि मी स्वतः काय करतो? सिलेक्शनला फेदर देतच नाही. लेअर मास्क, म्हणजे फोटो न कापता नको तो भाग झाकणारा पडदा, लावतो आणि प्रॉपर्टीज पॅनलमधला फेदर सरकवतो. गिऱ्हाईक उद्या म्हणालं "कड जरा कडक हवी," तर तोच स्लायडर शून्याकडे न्यायचा, पुन्हा कापत बसायला नको.

केसांना मात्र यातलं काही पुरत नाही. तिथे सिलेक्ट अँड मास्कमधला रिफाइन एज ब्रशच लागतो. त्यावर वेगळा व्हिडिओ करतोय, मोकळ्या केसांचे फोटो असतील तर पाठवा.